पाठीमागची बोटं

बाजाराच्या दिवशी सकाळी सिकुकु मोटारसायकल घेऊन रिस्पाच्या शिवणयंत्रासमोर येऊन थांबला. इंजिन बंद न करताच म्हणाला, "सेंगे, तू दारावर लागलीस."

"कुठल्या दारावर?"

"बेटिंगच्या दुकानाच्या. फोटो आहे तुझा. खाली लिहिलंय, ही बाई फसवणूक करते, हिला आत घेऊ नका."

रिस्पा नामाल्वाने पायडल थांबवलं नाही. शाळेच्या निळ्या झग्याची शिवण संपवली, दातांनी दोरा तोडला आणि मग विचारलं, "फोटो चांगला आलाय का?"

"नाही," सिकुकु म्हणाला. "तोंड उघडं आहे तुझं."

"मग तर काढायलाच हवा," म्हणून ती उठली.

च्वेलेच्या बाजारात तिला खऱ्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. नातं असो नसो, सगळ्या पोरांची ती सेंगे, म्हणजे आत्या. वय त्रेचाळीस, उजवा गुडघा कुरकुरणारा, गळ्यात मोजपट्टी. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे आणि संध्याकाळी प्राथमिक शाळेच्या लाल मातीच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचा, हा तिचा नेम. त्या मुलींच्या आया याच बाजारात भाजी विकत होत्या. बाराच्या आत प्रत्येकीच्या कानावर तो फोटो जाणार होता आणि संध्याकाळी मैदानावर किती मुली येतील हे त्यावरच ठरणार होतं. रिस्पाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एके काळी ती साखर कारखान्याच्या बायकांच्या संघात सेटर होती. सेटर म्हणजे पंगतीत वाढणारी. प्रत्येकाचं ताट तिच्या हातून भरतं, पण तारीफ होते ती जेवणाऱ्याच्या भुकेची. आलेला चेंडू बोटांवर झेलून कुणाला उचलून द्यायचा हे तिने ठरवायचं, समोरच्या बाजूला कळू न देता. चौदा वर्षं तिने हे काम केलं. मग कारखान्याची चिमणी थंड पडली, संघ मोडला, सहा जणी सहा दिशांना गेल्या. रिस्पाने शिवणयंत्र घेतलं.

दोन वर्षांपूर्वी बटणं घेऊन परतताना तिच्या कानावर शिट्टी आली. फुटबॉलची लांबलचक शिट्टी नव्हे, ही तुटक, आणि पाठोपाठ हाताच्या पंजाचा चेंडूवर बसलेला फटका. आवाज बेटिंगच्या दुकानातून येत होता. सहा पडदे होते. पाचांवर फुटबॉल, पाचांपुढे गर्दी. सहावा कोपऱ्यात, त्याच्यापुढे एक मोडकी खुर्ची आणि कुणी नाही. त्यावर जपानच्या मुली खेळत होत्या. रिस्पा उंबऱ्यावर चाळीस मिनिटं उभी राहिली. शेवटी मॅनेजर ओत्सिएनो काउंटरच्या जाळीमागून ओरडला, "बाई, लावायचं असेल तर आत या, नाहीतर वारा तरी येऊ द्या!"

तिने वीस शिलिंग लावले आणि हरली. पण हरली ती खेळ कळला नाही म्हणून नव्हे, भावांचा बाजार कळला नाही म्हणून. हे तिच्या तिथल्या तिथे लक्षात आलं आणि ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

चालू सामन्यावर पैसे लावण्याची तिची रीत हळूहळू पक्की होत गेली. दुकानातले पुरुष सामना सुरू व्हायच्या आधीच लावून मोकळे होत. ती पहिल्या सेटला हात खिशाबाहेर काढत नसे. पहिला सेट नुसता बघायचा. कोण कुणानंतर सर्व्ह करते, कुणाची सर्व्ह झेलताना समोरच्यांचे हात थरथरतात, कोण खांदा चोळते. पहिला सेट पंचवीस-बाराने गेला की पुरुष जिंकलेल्या संघावर तुटून पडत. तिच्या लेखी त्या बाराला काही अर्थ नव्हता. पुढचा सेट शून्यापासून सुरू होतो आणि हरलेला प्रशिक्षक बायांची जागा बदलून आलेला असतो.

तिची खरी नजर असे ती चक्रावर. मैदानात सहा जणी, आणि सर्व्ह मिळवली की सगळ्या एकेक जागा सरकतात. सरकता सरकता सेटर पुढच्या रांगेत आली की जाळीजवळ मारणाऱ्या दोघीच उरतात. प्रत्येक संघाचं एखादं चक्र असं लंगडं असतंच. आणि गंमत अशी, की समोरच्यांची सर्व्ह मोडेपर्यंत त्यांना त्या चक्रातून सुटका नसते. तिथे अडकले की चार, पाच, सहा गुण धडाधड जातात. यंत्राला हे दिसत नाही. यंत्र आकडा बघून भाव ठरवतं, आणि आकडा म्हणजे होऊन गेलेली गोष्ट.

बाकी नियम साधे होते. एका सामन्यात एकदाच लावायचं, तेही ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. पाचव्या सेटला लावायचं नाही. तो पंधरा गुणांचा, त्यात नशिबाचा वाटा फार. लांबलेला गुण संपल्या संपल्या काउंटरकडे धावायचं नाही, कारण तेव्हा लावतं ते डोकं नसतं, धडधड असते. आणि पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही. पडद्यावरचं चित्र सात-आठ सेकंद शिळं असतं. चेंडू हवेत असताना भाव गोठला, तर तिकडे गुण होऊन गेलाय, आपण फक्त सावली बघतोय. दहातल्या सहा वेळा ती बरोबर असे. "चार वेळा चुकते," हे ती स्वतःच सगळ्यांना सांगे.

आदल्या दिवशीची दुपार त्या सहांपैकी होती. तिसऱ्या सेटमध्ये पांढऱ्या संघाकडे एकोणीस, निळ्याकडे पंधरा. निळ्यांनी सेट जिंकण्याचा भाव एकास बारा झाला. रिस्पाने बघितलं, पांढऱ्यांची सेटर पुढच्या रांगेत आलीय, दोन्ही टाइमआउट संपलेत, आणि निळ्यांनी एक गुण काढला की सर्व्हला येणार सात नंबर. सात नंबरची सर्व्ह पहिल्या सेटपासून पांढऱ्यांच्या छातीवर आदळत होती. तिने पाचशे लावले. निळ्यांनी गुण काढला, सात नंबर आली, आणि ओळीने सहा गुण गेले. सेट निळ्यांनी पंचवीस-बावीसने घेतला.

काउंटरवर ओत्सिएनोने पावती उलटसुलट केली आणि म्हणाला, "वर पाठवावी लागेल." त्या पावतीचं उत्तर आज दारावर चिकटलं होतं.

दुकानासमोर घोळका होता. फोटोत रिस्पाचं तोंड खरंच उघडं होतं. तिने तो नीट वाचला आणि सरळ आत गेली.

"आत यायचं नाही!" ओत्सिएनो जाळीमागे उठून उभा राहिला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बाहेरून, बुसियाकडून आलेला माणूस.

"आलेच आहे. आता बाहेर काढ, नाहीतर सांग. मी काय फसवलं?"

"सगळ्यांसमोर सांगू?"

"फोटो सगळ्यांसमोर लावलास, मग आता लाजतोस कशाला?"

ओत्सिएनोने काउंटरवरचा संगणक लोकांकडे फिरवला. कॅमेऱ्यात रिस्पा पाठमोरी उभी होती, कोपऱ्यातल्या पडद्यापुढे. तिचा उजवा हात कमरेमागे होता. एक बोट दिसलं. मग मूठ. मग चार बोटं. मग दोन. आणि मागच्या बाकावर सिकुकु होता, त्या हाताकडे टक लावून. दोन बोटं दिसली की तो उठून काउंटरकडे पळत होता.

"खुणा," ओत्सिएनो म्हणाला. "ही टोळी आहे. तिकडे मैदानात कुणीतरी बसलाय, तो हिला कानात सांगतो. पडदा आठ सेकंद मागे, त्या आठ सेकंदांत ही बोटांनी सांगते आणि हा लावतो. नैरोबीच्या मोठ्या ऑफिसातल्या साहेबांनी बघितलंय हे."

रिस्पा त्या पडद्याकडे बघत राहिली. आपला हात असा मागे जातो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसा ती तो बघत होती. मग तिला हसू फुटलं.

"हसतेस काय, सेंगे?" सिकुकु घाबरून म्हणाला. "मला पण टोळीत घातलंय!"

"तू दोन बोटं बघून काय लावत होतास रे?"

"दोन म्हणजे खालचा संघ. एक म्हणजे वरचा. चार म्हणजे थांब." सिकुकुने मान खाली घातली. "मूठ म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही."

"आणि जिंकलास किती?"

सिकुकुने जॅकेटचे दोन्ही खिसे काउंटरवर रिकामे केले. पावत्यांचा ढीग पडला, सगळ्या हरलेल्या. "बॉस," तो ओत्सिएनोला म्हणाला, "टोळी अशी असते का? मी पेट्रोलचे पैसे घालवलेत हिच्या बोटांपायी!"

घोळका खदखदला. मासिबो नावाचा म्हातारा, ज्याला सगळे कुका म्हणजे आजोबा म्हणत, डोळे पुसत म्हणाला, "अरे, या पोराला टोळीत घेतलं तर टोळी उपाशी मरेल!"

पण ओत्सिएनो हसला नाही. "हा मूर्ख असेल. त्याने ती निर्दोष ठरत नाही. खुणा कसल्या ते सांगा."

"सेटरच्या," रिस्पा म्हणाली. "सर्व्ह व्हायच्या आधी सेटर हात कमरेमागे नेते आणि आपल्या मारणाऱ्यांना सांगते, आता चेंडू कुठे येणार. समोरच्यांना दिसू नये म्हणून मागे. एक बोट, मधलीला झटपट. दोन, मधलीलाच पण जरा उंच. चार, डाव्या कडेला. मूठ, मागच्या रांगेतून. चौदा वर्षं केलंय मी हे. मी उभी राहिले की हात आपला आपण जातो."

"असं कोणीही म्हणेल."

"मग बघ."

"काय बघू? ओळीने दहा गुण सांगा कोणाला मिळणार. सांगितले तर मानतो."

"नाही सांगणार," रिस्पा म्हणाली. "दहा गुण ओळीने सांगायला मी भगत नाही. तुझ्या अटीवर मी नाचणार नाही, ओत्सिएनो. माझं मी दाखवते. एकला जपानचा सामना आहे. मी तिथे उभी राहते, एक पैसा लावत नाही. तू माझ्यामागे उभा राहा. त्यांच्या सेटरच्या हाताला चेंडू लागायच्या आधी माझी बोटं बघ आणि मग चेंडू कुठे जातो ते बघ."

"आणि कानात?"

रिस्पाने डोक्याचा फडका सोडला. केस दोन्ही हातांनी वर धरले आणि दुकानात एक गिरकी घेतली. "बघा रे सगळ्यांनी. दोनच कान आहेत. दोन्ही रिकामे." फोन काढून तिने कुका मासिबोच्या हातात दिला. "कुका, हा तुम्ही ठेवा. वाजला तर तुम्हीच बोला. झग्याच्या मापासाठी असेल."

एक वाजेतो दुकान भरलं. भाजीवाल्या बायाही आल्या, ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. त्यांतल्या दोघींच्या मुली रिस्पाकडे खेळायला येत. रिस्पाने त्यांना बघितलं आणि पाठ फिरवून पडद्यापुढे उभी राहिली.

पहिला सेट ती नुसती उभी राहिली. हात बाजूला, मुद्दाम.

"बोटं कुठायत?" पाच गुण झाल्यावर ओत्सिएनो म्हणाला.

"ही सेटर मी आधी बघितलेली नाही. पहिला सेट मी बघणार."

"कान रिकामे म्हणून बोटं पण रिकामी वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. रिस्पा हलली नाही. पंचवीस मिनिटं ती पाठीवर टोमणे झेलत उभी होती. कुणी म्हणालं, सेंगेचा गुडघा गेला तसा डोळाही गेला. कुणी म्हणालं, जपानी मुली उगाच घाबरल्यात. कुका मासिबो काडेपेटीतल्या काड्या मांडीवर मांडून बसला होता, मोजायला काही मिळेना म्हणून त्यातली एक चावत होता.

दुसरा सेट सुरू झाला आणि रिस्पाने हात कमरेमागे नेला. चार बोटं. पडद्यावर चेंडू सेटरच्या डोक्यावर आला, तिने तो मधे झटपट दिला.

"चूक!" ओत्सिएनो म्हणाला.

एक बोट. चेंडू गेला डाव्या कडेला.

"चूक!"

भाजीवाल्यांपैकी एकीने जीभ चावली. रिस्पाने हात झटकला, बोटं एकदा मिटून उघडली. त्या सेटरचा डावा पाय तिला आत्ता नीट दिसला होता. कडेला द्यायचं असलं की तो पाय अर्धं पाऊल आधीच बाहेर पडायचा. जाळीआडच्यांना तो दिसत नव्हता. कॅमेरा वरून बघत होता, म्हणून रिस्पाला दिसत होता.

चार बोटं. चेंडू डाव्या कडेला.

एक बोट. मधे झटपट.

मूठ. पडद्यावर मागच्या रांगेतली मुलगी उडाली आणि तिने तीन मीटरच्या रेषेमागून चेंडू हाणला.

"आता कळलं मूठ म्हणजे काय!" सिकुकु ओरडला.

यानंतर नुसतं पडद्याकडे कुणी बघेना. सगळ्यांच्या नजरा तिच्या हातावर, मग वर पडद्यावर, मग परत हातावर. फुटबॉलवाले खुर्च्या फिरवून बसले. दोन, आणि मधलीला उंच. चार, आणि डावीकडे. एकदा तिने चार दाखवले आणि सेटरने कुणालाच न देता चेंडू हळूच पलीकडे ढकलला. ओत्सिएनो काही म्हणायच्या आत रिस्पाच म्हणाली, "चूक. हे मी पण केलं असतं. कळायला हवं होतं."

सेट संपला तेव्हा कुका मासिबोच्या एका मांडीवर पंधरा काड्या होत्या, दुसऱ्या मांडीवर सहा. "सहा चुकल्या," तो मोठ्याने म्हणाला. "पण मॅनेजरसाहेब, मैदानातला माणूस कानात सांगत असता तर या सहा कशाला चुकल्या असत्या?"

मागच्या खोलीत जाऊन ओत्सिएनोने नैरोबीला फोन लावला. दाराआडून त्याचं 'हो सर, नाही सर' ऐकू येत होतं. बाहेर आला तेव्हा त्याची कॉलर घामाने ओली होती.

"पावती मंजूर," तो हळूच म्हणाला. "पैसे देतो."

"पैसे राहू देत. आधी फोटो."

"काढतो. संध्याकाळी दुकान बंद झालं की."

"लावलास कधी?"

"सकाळी. सातला."

"भर बाजारात लावलास तर काढायचाही भर बाजारात. आणि तुझ्या हातांनी."

"सेंगे, माझी पण नोकरी आहे. वरून सांगितलं म्हणून मी लावला. लोकांसमोर असा..." पहिल्यांदाच तो तिला सेंगे म्हणाला होता.

"मला पण गाव आहे, बाळा," रिस्पा म्हणाली. "मी इथेच उभी आहे. तू तो काढेपर्यंत काही मी हलत नाही."

भाजीवाल्या बाया दारात दोन्ही बाजूंना सरकल्या आणि वाट मोकळी झाली. ओत्सिएनो बाहेर आला. नखाने चिकटपट्टीचं टोक उचकलं, ओढलं. फोटो फाटत फाटत निघाला, त्याच्याबरोबर दाराच्या लाल रंगाची एक सालही निघाली. आत्तापर्यंत गप्प असलेली एक बाई म्हणाली, "मोठ्याने सांगा ना साहेब, काय चुकलं ते. सकाळी लिहिलं होतं मोठ्या अक्षरांत."

ओत्सिएनोने बाजाराकडे बघितलं. "हिने फसवलेलं नाही," तो म्हणाला. "चूक आमची."

"ऐकू नाही आलं!" सिकुकु मोटारसायकलवर उभा राहून ओरडला.

"चूक आमची!"

आत येऊन त्याने पैसे मोजून दिले आणि खाली मान घालून पुढचं सांगितलं. नैरोबीने आणखी एक हुकूम दिला होता. यापुढे रिस्पा नामाल्वाला व्हॉलीबॉलवर वीस शिलिंगांच्या वर लावता येणार नाही. तिचं नाव टाकलं की यंत्र आपोआप अडवेल.

"म्हणजे चोर नाही म्हणून सोडली आणि येतं म्हणून बांधली," कुका मासिबो म्हणाला.

रिस्पाने नोटा कमरेच्या गाठीत बांधल्या. "वीसच्या वर लावू नको म्हणाले. बोलायचं नाही असं म्हणाले का?"

"बोलण्याचं काही नाही म्हणाले," ओत्सिएनो चाचरत म्हणाला.

तिने सोड्याच्या क्रेटमधून बाटल्यांची सहा झाकणं गोळा केली आणि कोपऱ्यातल्या पडद्याखालच्या बाकावर मांडली, तीन पुढे, तीन मागे. एक झाकण उलटं ठेवलं. "सिकुकु, इकडे बस. आणि ज्यांना ज्यांना हा मुलींचा खेळ वाटतो, त्यांनीही या. ही उलटी म्हणजे सेटर. आता ती मागे आहे, तेव्हा पुढे मारणाऱ्या किती?"

"तीन," दोघे-तिघे एकदम म्हणाले.

"आता सरकवा सगळ्यांना एकेक जागा."

बाकाभोवती गर्दी झाली. भाजीवाल्यांपैकी एक बाई खांद्यावरून डोकावत विचारत होती, माझ्या मुलीची जागा यातली कोणती. जाळीमागून ओत्सिएनोही मान उंच करून झाकणं बघत होता. रिस्पाचं तिकडे लक्ष गेलं. तिने बाक पायाने जरासा ओढून काउंटरच्या बाजूला घेतला, म्हणजे त्यालाही दिसावं, आणि सिकुकुच्या हातावर चापटी मारून म्हणाली, "उलट्या बाजूला नको सरकवूस रे. घड्याळाच्या काट्यासारखं. परत कर, पहिल्यापासून."